रंगाचा डबा शेवटी घ्या! कमी पैशात घर नीट करा आणि त्याच घरातून कमवा



दिवाळी पंधरा दिवसांवर आली की माझ्या दुकानात एकच संवाद दिवसातून दहा वेळा होतो. नवरा-बायको येतात, मोबाईलवर कुठल्यातरी खोलीचा फोटो दाखवतात आणि म्हणतात, "दादा, अगदी असाच रंग द्या."

मी विचारतो, "भिंतीला ओल आहे का?"

नवरा म्हणतो, "आहे, थोडीशी."

बायको म्हणते, "थोडीशी कुठली? कपाटातल्या कपड्यांना वास मारतो."

"गच्चीवर शेवटचं कधी चढला होतात?"

इथे दोघंही गप्प.

मी नारायणगाव भागात रंग आणि हार्डवेअरचं दुकान चालवतो. रंग विकला गेला की माझं घर चालतं. तरी आज तुम्हाला सांगतोय, रंगाचा डबा शेवटी घ्या. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. बीबीए करताना गुंतवणुकीवरचा परतावा शिकलो, पेपरात लिहून मार्कही मिळवले. पण तो खरा कळला तो स्वतःच्या घराच्या गळक्या छताखाली.

हा लेख कुणासाठी आहे? ज्यांच्याकडे गाळा भाड्याने घ्यायला पैसे नाहीत, पण घरात एक जादा खोली, पडवी किंवा माडी आहे, त्यांच्यासाठी. होमस्टे करा, शिवणकाम करा, क्लास घ्या, पार्लर टाका किंवा डबे द्या. पहिलं भांडवल तुमचं घरच आहे. ते थोड्या पैशात नीट कसं करायचं, एवढंच आज बघू.

आपल्याच भागात का जमेल?

जरा नकाशा डोळ्यांसमोर आणा. लेण्याद्री आणि ओझर, अष्टविनायकातले दोन गणपती जुन्नर तालुक्यात. शिवनेरी आपला. नाणेघाट आणि माळशेज पावसाळ्यात गर्दीने भरलेले. आंबेगावकडे मंचर-घोडेगाव रस्ता भीमाशंकरला जातो आणि वाटेत डिंभे धरण लागतं. जुन्नरला २०१८ मध्ये राज्य सरकारने पर्यटन तालुका जाहीर केलं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत शिवरायांच्या परंपरेतले १२ किल्ले गेले, त्यात शिवनेरी आहे.

म्हणजे माणसं येतायत. प्रश्न एवढाच की ती आपल्या दारावरून पुढे जातात की आपल्याकडे एक रात्र थांबतात. थांबायला त्यांना राजवाडा लागत नाही. काय लागतं, ते मी चुकून शिकलो. ती चूक आधी सांगतो.

माझे १ लाख १० हजार कुठे गेले

ओझरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला आमचं घर. वर माडीवर एक खोली रिकामी. मी नुकतं दुकान सुरू केलं होतं आणि डोक्यात आलं की अष्टविनायकाला जाणारे लोक उतरवू. हातात पैसे नव्हते. आईने स्वतःच्या पाटल्या काढून दिल्या. त्या गहाण ठेवल्या, थोडी उधारी केली आणि १ लाख १० हजार उभे राहिले.

त्यात मी काय केलं? पीओपीचं सीलिंग, त्यात निळे दिवे. एका भिंतीला वॉलपेपर. मोठा टीव्ही. दारावर नवा सनमायका. फोटो काढले तर अगदी शहरातल्या हॉटेलसारखे आले. वडील एकदाच वर आले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "आधी गच्चीचं बघ रे." मी म्हटलं, "बघू पुढच्या वर्षी."

जुलै महिना. मुंबईचं एक कुटुंब उतरलं होतं. नवरा-बायको, दोन मुलं आणि एक आजी. दिवसभरात लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून-उतरून आलेले. रात्री दहाला पाऊस वाढला. साडेदहाला सीलिंगच्या मधोमध पिवळा डाग आला, अकराला त्यातून धार लागली. निळ्या दिव्यांची वायर भिजली म्हणून मेन स्विच बंद करावा लागला. अंधारात मुलं रडायला लागली. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी खालून बादली आणून धारेखाली ठेवली.

मी पैसे परत केले आणि त्यांना माझ्या गाडीतून दुसऱ्या लॉजवर सोडलं. उतरताना आजींनी माझा हात धरला आणि एकच विचारलं, "बाळा, गळतंय हे तुला आधी माहीत होतं ना?"

माहीत होतं. मी हो म्हणालो. त्या काही रागावल्या नाहीत, पण तो प्रश्न आजही दुकानात रंग मोजताना माझ्या कानात असतो.

आईच्या पाटल्या सोडवायला पुढे दोन वर्षं लागली.

दुसऱ्या वेळचे ३८ हजार

पुढच्या उन्हाळ्यात परत तीच खोली हातात घेतली. यावेळी खिशात ३८ हजार होते आणि त्याहून एक रुपया जास्त घालायचा नाही असं ठरवलं होतं. खर्च असा झाला:

- गच्ची आणि पाण्याचा निचरा: १४,५००
- संडास-बाथरूम: ९,०००
- वायरिंग, अर्थिंग, दिवे: ५,०००
- रंग: ५,५००
- चादरी, पडदे, खुंट्या, आरसा: ४,०००

हे आकडे त्या वर्षीचे आहेत. तुमच्याकडचे आजचे भाव विचारूनच घ्या. पण क्रम मात्र लिहून ठेवा, कारण तो बदलत नाही: आधी पाणी, मग वीज, मग स्वच्छता, मग रंग, शेवटी शोभा.

आता एकेक बघू.

१. पाणी: घराला खातं ते हेच

भिंतीत पाणी असेल तर वर लावलेला महागातला महाग रंगही पोपडे धरून खाली येतो. मग लोक कंपनीला शिव्या देतात. दोष डब्याचा नसतो.

ओल कुठून येते ते आधी शोधा. त्याला एक फुकटचा उपाय आहे. पावसाळ्यात भिंतीवर ओल दिसली की तिच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा आणि तारीख लिहा. आठ दिवसांनी परत बघा. पाऊस झाल्यावर डाग वरून खाली वाढला तर गच्ची किंवा भिंतीची भेग. पाऊस नसतानाही वाढला तर आतला नळ किंवा पाइप. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सगळीकडे सारखी ओल असेल तर ती जमिनीतून चढतेय. तिन्हीचे इलाज वेगळे. कारण न शोधता वॉटरप्रूफिंगचा डबा घेणं म्हणजे पोट दुखतंय आणि गोळी डोक्याची.

स्लॅबची गच्ची असेल तर एप्रिल-मेमध्ये, ती कडकडीत वाळलेली असताना काम काढा. आधी शेवाळ, माती खरवडून काढा. एक बादली पाणी ओतून बघा, ते पन्हळीकडे जातं की मध्येच तळं करतं. तळं होत असेल तर आधी उतार द्या. भेगा भरा. कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात तो सांधा सिमेंटने गोलाकार करून घ्या, बहुतेक गळती तिथूनच असते. मग वॉटरप्रूफिंगचे हात. डब्यावर दोन हातांमध्ये जेवढा वेळ सांगितलाय तेवढा द्याच.

कौलारू घर असेल तर शाकारणी मेमध्येच उरका. फुटकी कौलं बदला, वाशांना वाळवी आहे का ते टोचून बघा. जुनं घर आहे म्हणून कौलं काढून पत्रे टाकायची घाई नको. पत्र्याखाली उन्हाळ्यात माणूस भाजतो आणि पावसात आवाजाने झोपत नाही.

पश्चिम पट्ट्यातल्या मित्रांना एक वेगळी विनंती. पाहुण्यांच्या गाड्या लावायला जागा हवी म्हणून घरामागचा उतार कोरू नका. वरून येणाऱ्या पाण्याला चर काढून वाट द्या. ३० जुलै २०१४ ची माळीणची सकाळ आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. डोंगराला हात लावण्याआधी जाणकाराला विचारायचं, इथे पैसे वाचवायचे नाहीत.

२. वीज आणि उजेड: इथे काटकसर नको, हिशेब हवा

गीझर लावणार असाल तर त्याला वेगळी वायर, चांगलं अर्थिंग आणि करंट गळला की आपोआप बंद होणारा ब्रेकर हवाच. ओल्या हाताने नळ धरणारा माणूस तुमच्या भरवशावर आलेला असतो. हे काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या.

मग बचत बघा. साधा पंखा साधारण ७५ वॅटचा असतो, नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. रोज १२ तास चालला तर महिन्याला एकाचे २७ युनिट, दुसऱ्याचे ११. म्हणजे एका पंख्यामागे १६ युनिट वाचले. खोली रोज भरत असेल तर बीएलडीसी परवडतो, महिन्यातून चारच दिवस भरत असेल तर जुनाच पंखा पुसून, ग्रीस करून वापरा. प्रत्येक खर्चाला हाच प्रश्न विचारा: ही वस्तू किती तास वापरली जाणार?

आणि अंगणातला दिवा. जुन्नर-आंबेगावमध्ये तो शोभेचा नाही. उसात बिबट्या आहे हे आपल्याला माहीत आहे, शहरातून आलेल्या पाहुण्याला नाही. दारापासून गाडीपर्यंत आणि संडास बाहेर असेल तर तिथपर्यंत उजेड हवा. कडेचं गवत काढा, कोंबड्या-शेळ्यांचा गोठा बंद होईल असा करा, खरकटं उघड्यावर टाकू नका. संध्याकाळनंतर लहान मुलांना एकटं सोडायचं नाही, हे पाहुण्यांना आल्या-आल्या सांगा. घाबरवायचं नाही, सांगायचं.

३. संडास-बाथरूम: पाहुणा इथे मार्क देतो

खोलीचा रंग माणूस विसरतो. बाथरूमचा वास विसरत नाही.

माझ्या नऊ हजारांत नव्या टाइल्स बसल्याच नसत्या. म्हणून जुन्याच टाइल्सच्या फटी खरवडून परत भरल्या. गळका नळ बदलला. एक एक्झॉस्ट फॅन बसवला. गुळगुळीत फरशीवर पाय सरकायचा, तिथे खरखरीत फरशीचा पट्टा टाकला. आणि कमोडशेजारी भिंतीला स्टीलचा दांडा लावला.

तो दांडा माझ्या सगळ्या खर्चातला सगळ्यात फायद्याचा ठरला. लेण्याद्री चढून आलेल्या माणसाचे संध्याकाळी गुडघे बोलत असतात. सोबत म्हातारी माणसं असली की फोनवर पहिला प्रश्न हाच येतो, "कमोड आहे का? धरायला काही आहे का?" आता मी खोलीच्या फोटोंमध्ये पहिला फोटो त्या दांड्याचा टाकतो.

४. आता या रंगाकडे

दुकानदार म्हणून चार गोष्टी फुकट सांगतो.

एक, भिंत मोजून या. १० बाय १२ ची खोली, उंची १० फूट. चारही भिंतींची लांबी मिळून ४४ फूट, गुणिले १०, म्हणजे ४४० चौरस फूट. दार-खिडकीचे ४० वजा केले की ४०० उरले. एका लिटरमध्ये किती चौरस फूट होतं ते डब्यावर लिहिलेलं असतं. एका खोलीसाठी वीस लिटरची बादली नेणारे लोक मी रोज बघतो आणि उरलेला रंग पुढच्या वर्षी फेकतात.

दोन, सगळी खोली रंगवायला पैसे नसतील तर छत पांढरं करा आणि दारासमोरची एकच भिंत नीट करा. बाकीच्या भिंती साबणाच्या पाण्याने पुसा, खिळ्यांची भोकं पुट्टीने भरा. निम्मा फरक तिथेच पडतो.

तीन, दगड-मातीच्या जुन्या भिंतींना सिमेंटचा गिलावा आणि वर प्लॅस्टिकसारखा रंग देऊ नका. त्या भिंतींना श्वास लागतो. ओल आत कोंडली की गिलावा फुगतो आणि सुटतो. अशा भिंतीला चुनाच चांगला, आणि तो स्वस्तही पडतो. हे सांगताना माझा गल्ला कमी होतो, पण खरं आहे.

चार, वेळ. दिवाळीच्या तोंडावर पेंटर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी वाढवून मागतात आणि भिंती अजून पावसाने दमट असतात. घाई नसेल तर दिवाळी होऊ द्या. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये भिंत वाळलेली, पेंटर मोकळा. द्राक्षांच्या हंगामाला आणि १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीला खोली तयार.

५. शोभा: विकत घेण्याआधी माळा बघा

तुमच्या माळ्यावर पितळी घंगाळ आहे. पडवीत झोपाळ्याच्या कड्या आहेत. दाराला जुना सागवानी दरवाजा आहे, त्यावर ऑइलपेंटचे चार थर बसलेत. तो खरवडा, पॉलिश पेपर मारा आणि जवसाचं तेल पाजा. दोन दिवसांची मेहनत आणि काही शे रुपये. शहरातला माणूस त्याच दारात उभा राहून फोटो काढतो.

माझ्या डोळ्यांदेखत लोकांनी असे दरवाजे भंगारच्या भावात विकून प्लायवूडचे बसवले आहेत. पावसात ते फुगले की परत माझ्याकडे येतात.

चादरी पांढऱ्या किंवा फिक्या रंगाच्या, दोन जोड. मळ दिसतो, म्हणजे स्वच्छताही दिसते. भिंतीला सहा-आठ खुंट्या ठोका. ओले कपडे कुठे टाकायचे हा पावसाळ्यात आलेल्या प्रत्येक पाहुण्याचा प्रश्न असतो.

परताव्याचं साधं गणित

माझी खोली तेव्हा १,२०० रुपये रात्र अशी जायची. धुणं, वीज, सकाळचा चहा-पोहे धरून खर्च ३५० च्या आसपास. हातात उरायचे ८५०.

पहिल्या वेळचे १,१०,००० भागिले ८५०, म्हणजे जवळपास १३० रात्री. त्याही छत टिकलं असतं तर!

दुसऱ्या वेळचे ३८,००० भागिले ८५०, म्हणजे ४५ रात्री. शनिवार-रविवार आणि सणवार धरून त्या माझ्या पहिल्याच वर्षात भरल्या.

होमस्टे नसेल तरी सूत्र तेच: खर्च भागिले एका गिऱ्हाईकामागे उरणारी रक्कम. मंचरकडच्या एका ताईंनी पडवीत ब्लाउज शिवायला सुरुवात केली. त्यांना आधी पडवीला पीओपी करायचं होतं. आम्ही हिशेब मांडला. एका ब्लाउजमागे हातात किती उरतात आणि पीओपीसाठी किती ब्लाउज शिवावे लागतील? आकडा बघून त्या स्वतःच हसल्या. शेवटी मशीनवर एक चांगला दिवा, एक उभा आरसा आणि माप घ्यायला पडदा लावलेला कोपरा, एवढंच केलं. बायका त्या आरशासाठी आणि पडद्यासाठी परत येतात.

कागद विसरू नका

पाहुणे ठेवणार असाल तर पर्यटन संचालनालयाच्या योजना बघा. निवास-न्याहारीची योजना आहे, शेती असेल तर २०२० चं कृषी पर्यटन धोरण आहे. ताईंसाठी २०२३ चं 'आई' धोरण आहे. त्यात पर्यटन व्यवसायाच्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरावीक मर्यादेत परत मिळतं. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी कुणी फी मागितली तर देऊ नका. नियम-अटी बदलतात, म्हणून अर्ज भरण्याआधी कार्यालयात जाऊन ताजी माहिती घ्या.

पाहुण्यांची वही ठेवा, ओळखपत्र बघा. परदेशी पाहुणा उतरला तर २४ तासांत ठरलेल्या फॉर्ममध्ये त्याची माहिती द्यावी लागते.

आणि एक गोष्ट कुठल्याच फॉर्ममध्ये नसते. खोलीत जी उणीव आहे ती फोनवरच सांगा. "ताई, पाणी सकाळी सहा ते आठच गरम मिळतं." "दादा, जिना जरा उभा आहे." सांगितल्याने एखादा पाहुणा जाईल. न सांगितल्याने जो जातो, तो जाताना प्रश्न विचारून जातो.

तुमचा गृहपाठ

या रविवारी वही, पेन्सिल आणि टॉर्च घेऊन स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे शिरा. गच्चीवर चढा. बाथरूममध्ये दार लावून पाच मिनिटं थांबा. रात्री दिवे बंद करून अंगणातून दारापर्यंत चालत या. जे खटकेल ते लिहा. मग यादीसमोर पाच खाणी पाडा: पाणी, वीज, स्वच्छता, रंग, शोभा. तुमच्याकडे २० हजार असोत की ५० हजार, पहिली खाण पुरी झाल्याशिवाय दुसरीला पैसे नाहीत.

यादी झाली की मगच माझ्याकडे किंवा तुमच्या गावातल्या कुठल्याही दुकानात जा. दुकानदाराने आधी ओलीबद्दल विचारलं तर त्याच्याकडूनच रंग घ्या.

पुढच्या व्हिडिओत खोलीचं भाडं कसं ठरवायचं ते बघू. तोपर्यंत गच्चीवर चढून या!